पंखा आणि तारपा

कसाऱ्याच्या स्थानकाबाहेर खोडाळ्याकडे जाणारी गाडी भरत होती. माझ्या मांडीवर एक भलेमोठे खोके होते, आणि शेजारी बसलेल्या माझ्या जुन्या विद्यार्थ्याच्या मांडीवर त्याहून मोठे. समोर बसलेल्या एका आजीबाईंनी बराच वेळ त्या खोक्यांकडे निरखून पाहिले आणि शेवटी न राहवून विचारले, "कोंबड्या हायत का रे?"

"नाय आजी, कॉम्प्युटर हाय."

"मग वरडत कसा नाय?"

"न ओरडणाराच शोधून आणलाय," असे म्हणून तो हसला. आजीबाईंना त्यातले काय उमगले कोण जाणे. पण आम्ही दोन दिवस मुंबईत जी पायपीट केली होती तिचे सगळे सार त्यांच्या एका प्रश्नात आले होते.

ही २०२४ च्या आश्विनातली गोष्ट. सहामाहीची सुट्टी लागली होती. जव्हार-मोखाडा रस्त्यावरच्या एका पाड्यावर राहणारा हा माझा विद्यार्थी. मराठी घेऊन बी. ए. झाला आणि मग लग्नाचे, हळदीचे, बारशाचे चित्रण करू लागला. त्याला चित्रफितींची काटछाट करण्यासाठी नवे यंत्र हवे होते, आणि 'सर, तुम्ही बरोबर चला' असा त्याचा आग्रह होता. वास्तविक यंत्रातले मला काय कळते? मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना ज्ञानेश्वर आणि तुकाराम शिकविले. पण तो म्हणाला, "तुम्हांला यंत्र कळायला नको. तुम्ही फक्त ऐका." तेव्हा मी कान घेऊन गेलो, असे म्हटले तरी चालेल.

कसाऱ्याहून विहीगाव, खोडाळा, मोखाडा करीत जव्हारला जाणारा हा रस्ता ज्यांनी आश्विनात पाहिला नसेल त्यांनी एकदा अवश्य पाहावा. पाऊस नुकता ओसरलेला असतो. खाचरांत भात पिवळे पडू लागते, उतारांवर नाचणी आणि वरई डुलत असते, आणि दरीत वैतरणा दिसते. ह्या खोऱ्यातले पाणी अडवून मुंबईची तहान भागविली जाते. मोडकसागर १९५७ साली झाले, मध्य वैतरणेचे उंच धरण २०१४ साली. आणि ह्याच मोखाड्याच्या पाड्यांवर फाल्गुन सरला की बायका डोक्यावर हंडे घेऊन डोंगर उतरू लागतात. हे गणित मला कधी सुटलेले नाही, आणि ज्यांनी सोडवायचे त्यांनी ते मनावर घेतलेले दिसत नाही.

जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे. 'ठाणे जिल्ह्याचे महाबळेश्वर' असे त्याला म्हणत; १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून महाबळेश्वरही अर्थातच पालघरचे झाले. चौदाव्या शतकात जयबा मुकणे ह्यांनी येथे राज्य उभे केले. बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन त्यांनी मागितली, आणि मग त्या कातड्याच्या बारीक वाद्या काढून सारा मुलूखच वेढून घेतला, अशी कथा सांगतात. महादेव कोळ्यांचे हे राज्य १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत टिकले. काजूच्या झाडांत उभा असलेला जय विलास राजवाडा, शिवाजी महाराज सुरतेच्या स्वारीवर जाताना १६६४ साली जेथे थांबले असे सांगतात ते शिरपामाळ, दाभोसा येथे लेंढी नदी जेथून कोसळते तो धबधबा, हनुमान पॉइंट. ही सारी पाहण्यासारखी स्थळे आहेत आणि शनिवारी-रविवारी पाहणारेही पुष्कळ येतात.

पण पाहण्यासारखे म्हणून जे जे आहे, त्याहून मला जव्हारचे ऐकण्यासारखे अधिक आवडते. रात्री नऊनंतर एखाद्या पाड्यावर अंगणात बसावे. प्रथम काहीच ऐकू येत नाही. मग हळूहळू एकेक आवाज आपली जागा घेतो. रातकिडे, लांबच्या ओढ्याचे पाणी, गोठ्यातल्या बैलाची मान हलली की वाजणारे लाकडी लोढणे, दोन डोंगरांपलीकडे भुंकणारे कुत्रे. शहरातली शांतता म्हणजे सवयीचा गोंगाट. येथली शांतता ही खरोखरीची शांतता असते, आणि म्हणून तिच्यात लहानसा आवाजही चोरासारखा पकडला जातो.

माझ्या विद्यार्थ्याची अडचण नेमकी हीच होती. त्याचे घर वारल्यांच्या घरांसारखे घर. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणामातीचे लिंपण, वर कौले. घरात त्याचे वडील, धाकटा भाऊ, बायको आणि एक वर्षाची मुलगी. वडील म्हणजे पाड्यावरचे जुने तारपावाले. दिवसभर चित्रण करायचे आणि रात्री सगळे निजल्यावर काटछाट करायची, असा ह्याचा क्रम. त्यासाठी त्याने कुठल्याशा कचेरीतून निकालात निघालेले एक यंत्र स्वस्तात आणले होते, आणि त्याला वरून एक जुने ग्राफिक्स कार्ड जोडले होते. यंत्राचा पंखा तळहाताहून लहान. काम जड झाले, की तो पंखा असा काही केकाटे, की कुडापलीकडे मुलगी जागी होई, आणि म्हातारबा कूस बदलून म्हणत, "अरे, ती गिरण बंद कर."

लोक म्हणतील, कानाला हेडफोन लावावा आणि काम करावे. तो लावतही असे. पण हेडफोनमुळे त्याला पंखा ऐकू येत नसे, म्हणून पंखा थांबत नसे. निजलेल्यांना तो ऐकू येतच असे. आणि त्याच खोलीत कुणाचा आवाज ध्वनिमुद्रित करायचा म्हटले, तर पंखा बोलणाऱ्याच्या मागे उभा राहून आपलीही कथा सांगत असे.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर यंत्रांच्या सुट्या भागांची दुकाने ओळीने आहेत. त्या रस्त्याला डॉक्टर भडकमकरांचे नाव देऊन किती वर्षे झाली. पण ग्राहकांच्या तोंडी अजून लॅमिंग्टनसाहेबच आहेत. पहिल्याच दुकानात आम्ही 'आवाज न करणारे यंत्र हवे' असे म्हटले, तेव्हा दुकानदाराने आम्हांला सहा रंगांत उजळणारे पंखे दाखविले. "आवाज?" तो म्हणाला. "ह्या रस्त्यावर उभे राहून तुम्हांला आवाज कसा कळणार?" बोलणे खरे होते. बाहेर हॉर्न वाजत होते, हातगाड्या खडखडत होत्या. शांत यंत्र निवडायला जगातल्या गोंगाटाच्या रस्त्यांपैकी एकावर यावे लागते, ही मोठी मौज आहे. तेव्हा कानावर विसंबण्यात अर्थ नव्हता. हिशेबावर विसंबायला हवे होते. आणि येथे गुरु-शिष्यांची अदलाबदल झाली. उसाचा रस पिता पिता माझ्या विद्यार्थ्याने मला जो पाठ दिला तो वाचकांच्याही उपयोगी पडेल, म्हणून सांगतो.

"सर," तो म्हणाला, "आवाज हा रोग नव्हे, लक्षण आहे. रोग उष्णतेचा. यंत्र जेवढी वीज खाते, तेवढी सगळी शेवटी उष्णता होते. ती बाहेर काढायला वारा लागतो, वाऱ्याला पंखा लागतो, आणि पंखा ओरडतो. म्हणून आवाज नको असेल, तर आधी उष्णताच विकत घ्यायची नाही."

म्हणून पहिला प्रश्न प्रोसेसरचा. दुकानदार दीडशे-दोनशे वॅट सहज खाणारे, सर्वांत वेगवान असे प्रोसेसर पुढे करीत होता. ह्याने घेतला इंटेलचा आय-फाइव्ह १४५००. सहा मोठ्या आणि आठ लहान अशा चौदा गाभ्यांचा हा प्रोसेसर. मोकळा सोडला तर तोही दीडशे वॅटपर्यंत जातो. पण यंत्राच्या मूळ मांडणीत जाऊन त्याची भूक ६५ वॅटवर बांधून ठेवता येते. भूक निम्म्याहून कमी केली म्हणून काम निम्मे होत नाही. शेवटच्या थोड्या वेगासाठीच सर्वांत जास्त वीज जळते. घाटात तिसऱ्या गिअरऐवजी दुसऱ्यात चढणाऱ्या एस. टी.चे जसे, तसेच हे: पोचायला थोडा उशीर होतो, पण इंजिन कण्हत नाही. शिवाय ह्या प्रोसेसरच्या पोटातच चित्रफिती उलगडणारा एक वेगळा कारागीर बसविलेला आहे. कॅमेऱ्यातून येणारे चित्रण फार दाबून घडी घातलेले असते. ती घडी उलगडण्याचे काम तो कारागीर परस्पर करतो, आणि मुख्य गाभ्यांना घाम फुटत नाही.

दुसरा प्रश्न ग्राफिक्स कार्डाचा; आणि येथे घरातले राजकारण आड आले. धाकट्या भावाने आपल्या बांधकामावरच्या मजुरीतले काही हजार ह्या यंत्रात घातले होते, आणि त्याची अट एकच होती: यंत्रावर गेम चालले पाहिजेत. थोरला चित्रफितींसाठी, धाकटा खेळासाठी. सुदैवाने दोघांनाही लागणारी वस्तू एकच. रंग सुधारायचे, चित्र स्थिर करायचे, तर ग्राफिक्स कार्ड लागते. आणि खेळातले रान उभे करायचे तरी तेच लागते. बाजारात ४५० वॅट खाणारी राक्षसी कार्डे होती. ह्यांनी घेतले एनव्हिडियाचे आर-टी-एक्स ४०६०. ते २०२३ साली आले, आणि ते खाते ११५ वॅट. त्याचा आणखी एक गुण असा, की काम हलके असेल तेव्हा त्याचे पंखे मुळीच फिरत नाहीत. रात्री चित्रफितीचे तुकडे पुढेमागे करताना तर काम हलकेच असते.

प्रोसेसरवरची उष्णता उचलण्यासाठी जे उपकरण लागते त्याला कूलर म्हणतात. तो पाहून मी खरोखर चकित झालो. ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांची एक चळत, आणि तिच्यातून गेलेल्या तांब्याच्या नळ्या. मला वाटले, नळ्या भरीव असतील. नव्हे, त्या पोकळ असतात, आणि आत थोडेसे पाणी असते. हवा काढून घेतलेली असल्यामुळे ते पाणी थोड्याशा उष्णतेनेही वाफ होते. वाफ वरच्या पत्र्यांकडे जाते, तेथे उष्णता टाकून देते, पुन्हा पाणी होते, आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून झिरपत खाली येते. पंप नाही, चाक नाही, आवाज नाही. मी म्हणालो, "अरे, हे तर आपले जव्हारच झाले! समुद्रावर वाफ होते, ती सह्याद्रीला येऊन आदळते, येथे पाऊस पडतो, आणि वैतरणा ते पाणी पुन्हा समुद्राला नेऊन देते." तो म्हणाला, "आणि मधल्या मधे मुंबई ते पिऊन टाकते." मी गप्प बसलो.

पंख्याचा हिशेब तर फारच सुंदर आहे. पंख्याचा वेग निम्मा केला, की वारा निम्मा होतो; पण आवाज सुमारे पंधरा डेसिबलनी खाली येतो. दहा डेसिबल कमी झाले, की कानाला आवाज निम्मा वाटतो. आता एकाऐवजी दोन पंखे लावले, तर आवाज फक्त तीन डेसिबलनी वाढतो. म्हणजे एक पंखा जोरात फिरविण्याऐवजी दोन पंखे निम्म्या वेगाने फिरविले, तर वारा तेवढाच मिळतो आणि आवाज बारा डेसिबलनी उतरतो. हा कागदावरचा हिशेब झाला. प्रत्यक्षात थोडे इकडेतिकडे होते. पण तात्पर्य खरे आहे: पंखे मोठे घ्यावेत, अधिक घ्यावेत, आणि त्यांना सावकाश चालवावे. आम्ही १४० मिलिमीटरचे तीन घेतले. पोराबाळांनी भरलेल्या घरात जसे काम वाटून घेतले की कुणालाच ओरडावे लागत नाही, तसे.

पेटीची निवड करताना मी चुकलो असतो. आतून जाड स्पंज लावलेली, चारी बाजूंनी बंद अशी एक पेटी दुकानदाराने दाखविली, आणि मला ती अगदी योग्य वाटली. आवाज कोंडायचा ना? मग बंद पेटीच बरी! पण आवाज कोंडला की उष्णताही कोंडते, उष्णता कोंडली की पंखे जोर करतात, आणि शेवटी बंद पेटी उघड्या पेटीपेक्षा अधिक बोलते. आम्ही पुढून जाळीची पेटी घेतली, आणि तिला धूळ अडविणारे निघते गाळणे होते. मातीच्या घरात ते गाळणे दर पंधरा दिवसांनी झटकले पाहिजे. पत्र्यांत धूळ साचली, की वरचे सगळे हिशेब फुकट जातात.

वीज पुरविणारा डबा, म्हणजे पॉवर सप्लाय, गरजेपेक्षा मोठा घ्यायचा. ह्या यंत्राची भूक सगळी मिळून सुमारे सव्वादोनशे-अडीचशे वॅट. डबा घेतला साडेसहाशेचा, सुवर्ण प्रतीचा. निम्म्याहून कमी ओझे असले, की तो नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज कामी लावतो, स्वतः फारसा तापत नाही, आणि त्याचा पंखा बहुतेक वेळ झोपलेला असतो. साठवणीसाठी घेतली ती घन स्मृतीची तबकडी. पण तबकडी हे नुसते म्हणायचे, तिच्यात फिरणारे काहीच नसते. फिरणारी हार्ड डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०, आणि तेवढ्याच स्वराची गुणगुण पेटीच्या पत्र्याला लावते. म्हणून तसली डिस्क पेटीबाहेर ठेवायची. प्रत उतरवायची असेल तेव्हाच जोडायची, आणि मग काढून ट्रंकेत ठेवायची.

सगळे मिळून लाखाच्या आत बसले. तीन लग्नसराया आणि धाकट्याची मजुरी त्यात गेली. तेव्हा ते खोके मांडीवर घेताना आम्ही कोंबड्यांहून अधिक जपत होतो, ह्यात नवल नाही.

रात्री जेवणे झाल्यावर जोडणी झाली. पाड्यावरची दहाबारा पोरे दारात जमली होती. कळ दाबली. पडद्यावर अक्षरे आली. आणि दुसरे काहीच झाले नाही. एका पोराने विचारले, "चालू झाला का?" हीच पावती.

पण विघ्ने संपली नव्हती. धाकट्याने लगोलग खेळ लावला, आणि पेटीतून एक बारीक किणकिण येऊ लागली. पंख्याची नव्हे, काचेवर नख ओढावे तशी. थोरल्याचा चेहरा उतरला. लाखाची खरेदी! मग त्याने शोधून काढले: खेळ सुरू होण्याआधीचा जो स्थिर पडदा असतो, तो दाखविण्यात यंत्राला काहीच श्रम नसतात, म्हणून ते सेकंदाला शेकडो चित्रे काढीत सुटते, आणि कार्डातल्या तारांच्या वेटोळ्या त्या वेगाने थरथरतात. डोळ्याला त्याचा काडीचाही उपयोग नाही. सेकंदाला साठ चित्रे, अशी मर्यादा घातली, आणि किणकिण गेली. त्यानंतर अर्ध्या तासाने वीज गेली, आणि यंत्राला टेकू म्हणून घेतलेला यू. पी. एस. असा काही ठणाणा करू लागला, की मुलगी दचकून उठली. सगळ्या शांततेची तयारी केली होती. शांततेच्या राखणदाराला मात्र कुणी विचारले नव्हते! त्याच्या भोंग्याची कळ शोधून तो बंद केला.

खेळाविषयी माझे मत चांगले नव्हते, हे कबूल केले पाहिजे. शिकविणाऱ्या माणसाचे नसतेच. पण त्या रात्री धाकटा खेळत होता, आणि म्हातारबा मागे बसून पाहत होते. पडद्यावर रान होते, आणि रानातून मुखवटा घातलेला कोणी योद्धा चालला होता. म्हातारबा म्हणाले, "हा त बोहाडाच हाय."

मला एकदम मोखाड्याचा बोहाडा आठवला. फाल्गुन-चैत्राच्या रात्री, टेंभ्यांच्या उजेडात, संबळाच्या तालावर एकेक सोंग येते. गणपती येतो, शारदा येते, नरसिंह, रावण येतो. मुखवटे पूर्वी लाकडाचे असत, आता बहुधा कागदाच्या लगद्याचे. सोंगे आणण्याचा मान घराण्यांतून चालत आलेला असतो. जो माणूस दिवसा शेतात कुळीथ काढतो, तो रात्री काही घटका रावण होतो, आणि गाव त्याला रावण म्हणून मान देते. दिवसभर विटा वाहणारा हा पोरगा रात्री तासभर योद्धा झाला, तर मी कोण त्याला नावे ठेवणार? फरक एवढाच, की बोहाड्यात सारे गाव जागे असते. आणि येथे हा एकटा जागा असतो. निदान यंत्र गप्प आहे, म्हणून बाप मागे येऊन बसला आणि दोन शब्द बोलला. जुन्या यंत्राच्या घरघरीत ते झाले नसते.

मग थोरल्याने आपले काम उघडले. आणि ज्यासाठी मी हे सगळे लिहितो आहे ती गोष्ट घडली.

त्याची आई धवलेरी होती. वारल्यांच्या लग्नात भटजी नसतो. धवलेरी लग्न लावते. भिंतीवर सुवासिनींनी तांदळाच्या पिठाचा चौक लिहायचा, त्यात पालघट देवीला बसवायचे, आणि धवलेरीने ती लांबच लांब गाणी म्हणायची, जी तिने दुसऱ्या धवलेरीकडून ऐकून पाठ केलेली असतात. कुठे लिहिलेली नसतात. ह्याने आईची सात गाणी चित्रित करून ठेवली होती. मग ती वारली. त्या गाण्यांची काटछाट त्याने जुन्या यंत्रावर, त्या घरघरीत बसून केली. प्रत्येक गाण्याच्या आधी बराच वेळ 'काही नाही' असे. तो भाग त्याने कापून टाकला, आणि लग्नांच्या चित्रणाला जागा हवी म्हणून मूळ चित्रणे पुसूनही टाकली. फक्त दोन गाण्यांचे मूळ चित्रण एका कार्डात, बिस्किटाच्या डब्यात, विसरून राहिले होते.

त्यातले पहिले त्याने लावले. अंगणात बसलेली आई, मागे पेंढ्याची उडवी. सुरुवातीला 'काही नाही'. खोलीत कुणी बोलत नव्हते, यंत्र बोलत नव्हते. आणि त्या काही-नाहीमध्ये आम्हांला ऐकू आले, की ती ओठांतल्या ओठांत गाणे चाचपून पाहत होती. एक ओळ म्हणे, थांबे, पुन्हा म्हणे. मधेच हातातली काकणे वाजत. मग एक दीर्घ श्वास घेऊन अगदी हळू तिने विचारले, "झालं का रे चालू?" आणि त्यानंतर गाणे.

त्याने ते पुन्हा लावले, आणि मग तिसऱ्यांदा. म्हातारबा कुडाला टेकून बसले होते. "ही त हिथंच हाय," एवढेच म्हणाले.

थोरला बाहेर अंगणात गेला. बऱ्याच वेळाने मी त्याच्या मागून गेलो. तो म्हणाला, "सर, मला वाटलं, तिथं काही नव्हतं. पाच गाण्यांचं मी स्वतःच्या हातानं कापून फेकलं." त्याला काय सांगायचे? 'तुझी चूक नव्हती' असे मी म्हणालो, आणि ते खरेही होते. पण खऱ्या गोष्टीने नेहमी समाधान होतेच असे नाही. जे ऐकू येत नाही ते नाहीच असे समजून आपण कापीत जातो, ही चूक त्या बिचाऱ्याची एकट्याची नव्हे. ह्या जव्हार-मोखाड्याविषयी बाहेरच्यांना काय ऐकू येते? १९९२ साली वावर-वांगणीला बालके दगावली, तेव्हा ह्या मुलुखाचे नाव वर्तमानपत्रांत झळकले. नंतरही झळकले ते कुपोषणाने, नाही तर धबधब्यांनी. मधले सारे आपल्या घरघरीत 'काही नाही' म्हणून कापले गेले. वाळवंड्याच्या भिकल्या लाडक्या धिंडांसारखा एखादा तारपावाला साऱ्या देशाला ऐकू जातो. पण त्यांच्यामागे पाड्यापाड्यांवर ओठांत गाणे चाचपणारी जी माणसे आहेत, त्यांच्यासाठी खोली शांत करावी लागते.

दुसऱ्या दिवशी आम्ही एक नियम ठरविला. मूळ चित्रण पुसायचे नाही. दोन डिस्कांवर दोन प्रती करायच्या. एक त्याच्या ट्रंकेत राहील आणि दुसरी माझ्या घरी, नाशकाला. गाण्याआधीचे आणि नंतरचे काहीही कापायचे नाही. पाहुण्यांना दाखवायला कापलेली प्रत असो, पण घरासाठी अखंड.

संध्याकाळी म्हातारबांनी तारपा काढला. भात पिकायला लागले, की दिवाळीपर्यंत तारप्याचे दिवस. वाळलेला भोपळा, त्यात मेणाने बसविलेल्या बांबूच्या दोन नळ्या, आणि पुढे ताडाच्या पानांचा लांब कर्णा. वाजविणारा श्वास तुटू देत नाही. नाकाने घेतो आणि गालांनी सोडीत राहतो. मी मनात म्हणालो, पंखाही वाराच ढकलतो आणि हाही वाराच ढकलतो. एकाला आपण गोंगाट म्हणतो, दुसऱ्याभोवती सारा पाडा हातात हात घालून फेर धरतो.

थोरल्याने ध्वनिमुद्रण लावले. यंत्र त्याच खोलीत, पाच हातांवर, चालू होते. म्हातारबांनी तारपा तोंडाला लावला आणि थांबले. यंत्राकडे पाहून म्हणाले, "त्याला सांग, आता गप बस."

"गपच हाय, बाबा."

त्यांनी थोडा वेळ कान देऊन खात्री करून घेतली, आणि मग वाजवायला सुरुवात केली. ते कान देणेही ध्वनिमुद्रणात आले आहे. ते कुणी कापलेले नाही.